गरम राख ओढू नये

९ जानेवारी

प्रिय धाकटीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद थोरला भाऊ या नात्याने लिहिले आहेत. मनापासून दिलेत असं समजू नकोस.

तुझं पार्सल काल दुपारी दुकानात पोचलं. खोका उघडला आणि असा जळका वास सुटला, की कपडे धुण्याच्या मशीनचा पाइप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून बाहेर गेलं ते परत आलंच नाही. फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी तू मध्येच फोन आपटलास. पत्र आपटता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

हा व्हॅक्यूम क्लीनर आठ महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूची मी वहीत नोंद ठेवतो हे तुला माहीत आहे. मे महिन्यात आला तेव्हा आतली कागदी पिशवी ओलीचिंब होती, दुधाचा आंबूस वास होता आणि मोटरच्या बेअरिंगला गंज धरला होता. कोरडा कचरा ओढायच्या यंत्राने तू दूध ओढलं होतंस. सप्टेंबरात आला तेव्हा फिल्टर पांढऱ्या पुडीने पार बुजला होता. भिंतीचं प्लास्टर. ती पूड इतकी बारीक असते की पिशवीतून आरपार जाते, फिल्टरच्या भोकाभोकांत बसते, मग मोटरला हवा मिळत नाही आणि ती तापून मरते. शिवाय काचा. काचांनी पिशवी फाडली होती आणि नळीला आतून चिरा पाडल्या होत्या. ब्रशला तुझे दोरे गुंडाळलेले होते, त्यांचं मी काही म्हणत नाही. घरात पडदे शिवायचं काम चालतं, दोरे पडणारच.

तेव्हा मी झाकणावर माझ्या हाताने चिठ्ठी चिकटवून दिली होती. ओलं ओढू नये. काच ओढू नये. प्लास्टरची पूड ओढू नये. सुया-टाचण्या ओढू नयेत. गरम राख ओढू नये. शेवटची ओळ लिहिताना मलाच हसू आलं होतं, एवढं मूर्ख कोण असणार म्हणून.

आता हसू येत नाही. पिशवीचा कोळसा झाला आहे. आतला पंखा वितळून एका बाजूला लोंबतो आहे. अगं, राख वरून गार दिसते, पण पोटात निखारा असतो. त्यावर हे यंत्र लावणं म्हणजे भाता मारण्यासारखं आहे, आणि तो निखारा जाऊन बसतो कागदाच्या पिशवीत. बसायच्या खोलीतल्या त्या कोळशाच्या शेगडीपासून तीन पावलांवर बाबांची खुर्ची आहे. ऐंशी वर्षांचा माणूस, एका कानाने ऐकू येत नाही, जिना उतरताना कठडा धरतो. बाबांना मीच सांभाळीन असं छातीठोकपणे सांगून तू त्यांना ठेवून घेतलंस. सांभाळणं याला म्हणतात का?

लहानपणी इस्त्री चालू ठेवून खेळायला पळायचीस तशीच अजून आहेस. बाबा कसे आहेत ते कळव. लोभ ठेवायचा की नाही, ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

दादा


१४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार कागदावरच घातला आहे. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, शाळेच्या सभागृहाचे बावीस पडदे मी एकटीने शिडीवर चढून लावले.

तुझं पत्र वाचलं. यंत्राला काय झालं याची दीड पानं, आणि बाबा कसे आहेत याची एक ओळ. ती ओळसुद्धा शेवटी, दार ओढून घेताना आठवलेल्या छत्रीसारखी.

हो, राख मी ओढली. दूधही मीच ओढलं. प्लास्टर, काच, जे जे तुझ्या त्या वहीत असेल ते सगळं माझ्या नावावर लिही आणि वही मिटून टाक. मी निष्काळजी आहे, वेंधळी आहे, इस्त्री चालू ठेवून पळणारी आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे नव्याने कळल्याबद्दल आभारी आहे.

पण एक सांग, तू शेवटचा या घरात कधी आला होतास? मार्चमध्ये. किती वेळ होतास? चार तास, त्यातला एक तास घड्याळाकडे बघण्यात गेला. पाच तासांच्या अंतरावर बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे सकाळी साडेपाचला बाबांच्या खोलीतून पावलं वाजायला लागतात, तिथपासून माझा दिवस सुरू होतो. मधे पडदे शिवते, माप घ्यायला जाते, पळत परत येते. यात शेगडी साफ करताना एक चूक झाली असेल तर झाली.

गालिचा थोडा जळला आहे. बाबांची खुर्ची मी त्यावर सरकवली आहे, दिसत नाही. बाबा बरे आहेत.

यंत्र दुरुस्त करू नकोस. फेकून दे. माझ्याकडे झाडू आहे. झाडू आजवर कधी पार्सलने परत आलेला नाही आणि त्याच्या मागोमाग पत्रही आलेलं नाही.

तुझा लोभ जपून ठेव, गिऱ्हाइकांना लागेल.

धाकटी


१९ जानेवारी

धाकटीस,
आशीर्वाद.

यंत्र फेकलं नाही. काल पूर्ण उघडलं. जळलेल्या पिशवीचा तळ शाबूत होता, तो मी वर्तमानपत्रावर झटकला.

त्यात अकरा गोळ्या निघाल्या. पांढऱ्या, मधे रेघ असलेल्या. काही वितळून एकमेकींना चिकटल्या आहेत, पण अकरा मोजता येतात. शेजारच्या औषधवाल्याला नेऊन दाखवल्या. या बाबांच्याच गोळ्या आहेत, रक्तदाबाच्या. म्हणजे पाच-सहा दिवसांचं औषध त्यांच्या पोटात न जाता कचऱ्यात गेलं आहे. ही पिशवी मी सप्टेंबरात नवी घातली होती. त्याआधीच्या पिशव्यांत किती गेल्या असतील देव जाणे, तेव्हा मी शोधल्या नव्हत्या.

दूध सांडलं, ठीक. राख ओढली, तीही एक वेळ चूक म्हणू. पण ज्या घरात म्हाताऱ्या माणसाचं औषध जमिनीवर पडतं आणि कोणी खाली वाकून बघतही नाही, नुसतं ओढून मोकळं होतं, त्या घराबद्दल मला आता काही ऐकायचं नाही. बाबा बरे आहेत असं तू कुठल्या तोंडाने लिहिलंस?

माझ्या दुकानापासून चार गल्ल्यांवर एक वृद्धाश्रम आहे. मी काल जाऊन आलो. तळमजला, खिडकीजवळची खाट, चोवीस तास नर्स. जागा दहा तारखेपर्यंत राखून ठेवतो म्हणाले. दोन फेब्रुवारीला मी गाडी घेऊन येतो आहे. बाबांचे कपडे आणि कागदपत्रं एका बॅगेत भरून ठेव.

मी विचारत नाही, कळवतो आहे.

दादा


२३ जानेवारी

ती. दादास,
नमस्कार. पुढची अक्षरं गाळली आहेत. तेवढा आदर आज शिल्लक नाही.

बाबांना दिलेला शब्द मी आज मोडते आहे, आणि तो मोडायला तू लावलंस.

तुझी ती लाडकी वही काढ. हे यंत्र तू मला चार वर्षांपूर्वी दिलंस. पहिली तीन वर्षं ते एकदा तरी तुझ्या दुकानात आलं होतं का? मी तेव्हाही वेंधळीच होते, दोरे तेव्हाही पडत होते, शेगडी तेव्हाही होती. पहिल्यांदा ते मे महिन्यात बिघडलं. आता मेच्या आधी काय झालं ते आठव. तुझ्याच्याने आठवणार नाही, मीच सांगते.

मार्चमध्ये बाबांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून तुम्ही दोघं जेवायला आलात. बाबांच्या हातून सुपाचा वाडगा निसटला, फुटला. तू बाबांना काही बोलला नाहीस. त्यांच्या डोक्यावरून, मधे कपाट असल्यासारखं, वहिनीला म्हणालास की आता आणखी एक वस्तू फुटली की सरळ वृद्धाश्रमात नेऊन टाकायचं. मी हळूच म्हटलं की ते इथेच बसले आहेत. तू म्हणालास, कानातलं मशीन लावलेलं नाही, त्यांना काय कळतंय.

त्यांनी मशीन लावलं होतं. तू येणार म्हणून सकाळपासून लावून बसले होते.

तेव्हापासून या घरात बाबांच्या हातून काही सांडलं की ते लपवतात. फडकं स्वयंपाकघरात माझ्या नजरेसमोर असतं, पण व्हॅक्यूम क्लीनर त्यांच्या खोलीशेजारी जिन्याखाली असतो. मेमध्ये दुधाचं पातेलं कलंडलं, ते त्यांनी ओढून घेतलं. मला गालिचा ओला लागला तर म्हणाले, छत गळतंय. त्या खोलीवर अख्खा मजला आहे रे. पाण्याची काचेची सुरई कधी फुटली ते तर मला तुझ्याकडूनच कळलं. मी चार दिवस ती शोधत होते आणि ते माझ्याबरोबर शोधत होते.

सप्टेंबरात एका दुपारी ते घरात आहेत हेच विसरले. गिरणीतल्या बॉयलरवर आहोत असं वाटून वाफेच्या नळाची चावी शोधायला स्क्रू-ड्रायव्हरने भिंत खणली. भानावर आल्यावर सगळी पूड ओढून घेतली आणि भोकावर एक चित्र टांगलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी त्या चित्राकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हटलं की छान दिसतंय. ते अजून तिथेच आहे.

आणि राख. पाच जानेवारीला मी शाळेत पडदे लावत होते, दीड तास. दुपारचे दोन म्हणजे त्यांच्या डोक्यात पाळी बदलायची वेळ. पुढच्या माणसाला जाळी स्वच्छ मिळाली पाहिजे, म्हणून शेगडी साफ करायला घेतली. राखेचं फावडं मी भीतीने वर ठेवलं होतं, म्हणून यंत्र घेतलं. हाही माझाच शहाणपणा, लिही वहीत. यंत्र धुमसायला लागल्यावर ऐंशी वर्षांच्या त्या माणसाने ते नळीला धरून खोलीतून, स्वयंपाकघरातून, मागच्या अंगणात ओढत नेलं आणि पिंपातलं पाणी ओतलं. उजव्या तळव्याची साल निघाली आहे. मी पळत आले तेव्हा ते भिजलेल्या पायमोज्यांनी दारात उभे होते. हात दुखतोय असं म्हणाले नाहीत. थोरल्याला कळेल का, एवढंच विचारलं. मी शब्द दिला की नाही कळणार. म्हणून सगळं माझ्या नावावर घेतलं.

गोळ्या मी सकाळ-संध्याकाळ हातावर ठेवते आणि पाणी पिईपर्यंत समोर उभी राहते. बाबा त्या जिभेखाली धरून नंतर खाटेमागे टाकत होते, हे तुझ्यामुळे कळलं. त्याबद्दल आभार मानायला हवेत, पण पेन पुढे सरकत नाही.

वृद्धाश्रमाची खाट बघायला तुला एका दिवसात सवड झाली. बाबांची खाट बघायला दहा महिन्यांत झाली नाही. डिसेंबरात एका नव्या हॉटेलचं काम आलं होतं, साठ खिडक्या, दुसऱ्या गावी दहा दिवस राहून. असं काम मला आयुष्यात पुन्हा मिळायचं नाही. होकार देता आला नाही, कारण दहा दिवस कोणावर सोपवणार? तुला विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. याचा विचार कर.

दोन तारखेला गाडी घेऊन आलास तर दार उघडणार नाही. लोभ मागत नाही.

धाकटी


२६ जानेवारी

चि. थोरल्यास,
आशीर्वाद.

हाताला पट्टी आहे, अक्षर वाईट येईल. लागत नसेल तर बायकोला दाखव, ती लावून देईल.

धाकटीने मला तुझं पत्र दाखवलं नाही. मी ते तिच्या शिवणाच्या टेबलावरून घेऊन वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मीच तुम्हाला शिकवलं, पण हे माझ्याबद्दल होतं. नंतर तिनेच सांगितलं की तिने तुला सगळं कळवलं आहे. शब्द मोडला म्हणून मी तिच्याशी एक दिवस बोललो नाही. मग भूक लागली.

यंत्र मी जाळलं. दूध, काच, भिंत, सगळं मीच. मुलीची त्यात एकही गोष्ट नाही.

बॉयलरवर मी एकेचाळीस वर्षं काढली. राख कशी असते हे तू मला चिठ्ठी लावून सांगायला नको. वर राखाडी, आत तांबडी. वरून हात धरला की समजतं. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी पहिलं हेच सांगत असे. त्या दुपारी मला ते आठवलं नाही. आग मी पुष्कळ पाहिली आहे, तिची मला भीती नाही. आठवलं नाही याची भीती वाटली. ती अजून गेलेली नाही. हे मी धाकटीलाही बोललो नाही, तुला लिहितो आहे.

गोळ्या मी थुंकल्या. त्या घेतल्या की डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं आणि उभं राहिलं की जमीन हलते. बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर आणखी एक गोष्ट बिघडली म्हणून धरली असती. काल डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. माझ्यावर ओरडल्या आणि गोळी अर्धी केली. आज जमीन जागेवर आहे. बाकी डोकं जसं आहे तसं राहणार, हळूहळू वाईटच होणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्पष्ट सांगितलेलं बरं वाटलं.

मार्चमधलं तुझं बोलणं मी ऐकलं. बॉयलर जुना झाला की तपासनीस येतो. दाब उतरवा म्हणतो, नाहीतर बंद करा म्हणतो. ते त्याचं कामच आहे, त्याचा राग येत नाही. पण तो आधी बॉयलरसमोर उभा राहतो, हात लावून बघतो, चालवणाऱ्याला विचारतो. तू टेबलाच्या पलीकडून ठरवलंस.

मुलीला पुन्हा असल्या भाषेत लिहायचं नाही. मला न्यायचं असेल तर मला विचार. मी नाही म्हणेन, पण विचार.

लोभाचं तुम्ही आपसात बघून घ्या.

बाबा


३० जानेवारी

प्रिय धाकटीस,
अ. आ.

बाबांचं पत्र मिळालं. तुझंही त्याआधी मिळालं होतं, पण त्याचं उत्तर मी तीनदा लिहून फाडलं. तिन्हींत तुझ्याच चुका निघत होत्या.

मार्चमध्ये मी असं बोललो हे मला आठवत नव्हतं. तू मीठमसाला लावून लिहितेस असं वाटलं, म्हणून तुझ्या वहिनीला विचारलं. तिला शब्दन् शब्द आठवतो. त्या दिवशी परतताना गाडीत तिने मला ते सुनावलंही होतं म्हणे. तेही मला आठवत नाही. विसरभोळेपणाचं खापर एकट्या बाबांवर फोडण्यात अर्थ नाही असं ती म्हणाली आणि आत निघून गेली. या प्रकरणात माझ्या बाजूने बोलणारं एक माणूस मला सापडलेलं नाही.

तरी एक लिहितो. पुढच्या वेळी निखारा यंत्रात न जाता खुर्चीवर पडला तर काय होईल, याचं उत्तर तुझ्या चार पानांत नव्हतं. तू बाबांची लाज झाकलीस, पण धोकाही झाकलास. मला जर मेमध्येच कळलं असतं तर बाबांचा तळवा भाजला नसता. हे तुला लागेल. लागू दे, खरं आहे.

खाटेचं मी तूर्त नको म्हणून सांगितलं आहे. दोन तारखेला येतो आहे, आगगाडीने, एकटा. दुकानाला कुलूप लावतो. ते हॉटेलचं काम अजून कोणाला दिलं नसेल तर पत्र मिळताच फोन करून हो म्हण. दहा दिवस मी बाबांजवळ राहीन. हे उपकार समजू नकोस. तुझ्या पुढच्या पत्रात माझ्या तोंडावर फेकायला एक वाक्य कमी पडावं, एवढाच हेतू.

येताना शेगडीला लोखंडी जाळीचं दार करून आणतो, चावीचं. चावी तुझ्याकडे.

लोभाचं भेटीत बघू.

दादा


११ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
अ. आ.

हॉटेलच्या पत्त्यावर पत्र पोचेल अशी आशा आहे. बाबांचा हात सुकत आला. शेगडीला दार बसवलं. तुझ्या स्वयंपाकघरात एकही डबा जागेवर नाही, पावाच्या डब्यात कात्री आणि कात्रीच्या जागी मेणबत्त्या. भिंतीचं भोक मी बुजवायला घेतलं होतं. बाबा म्हणाले राहू दे, धाकटीला ते चित्र तिथेच आवडतं. मी वाद घातला नाही. आठ दिवसांत वाद न घातलेली ही एकच वेळ.

पण लिहायला बसलो ते बाबांनी लिहायला सांगितलं म्हणून. सोमवारी सकाळी मी वर होतो. खालून मोठा आवाज झाला आणि मागोमाग बाबांनी तुला हाक मारली. दोनदा. मी जिना उतरलो. जॅमची मोठी बरणी फरशीवर फुटली होती, काचा आणि जॅम सगळीकडे, आणि बाबा मधोमध अनवाणी. मला बघितल्यावर ते दचकले आणि पट्टीचा हात त्यांनी त्या काचांवर आडवा धरला, झाकल्यासारखा. मी त्यांच्यावर कधी हात उगारलेला नाही, तुला माहीत आहे. तरी दचकले. पुन्हा का, असं माझ्या तोंडात आलेलं होतं. ते तसंच राहिलं.

मी खाली बसलो. काचा बोटांनी वेचायला लागलो तर म्हणाले की तसं नाही, वर्तमानपत्र ओलं करून दाबून उचल, बारीक काच त्याला चिकटते. तीस वर्षं मी लोकांना हेच सांगतो आहे. तरी वर्तमानपत्र ओलं करून आणलं. सगळं झाल्यावर म्हणाले, धाकटीला कळव, लपवायचं नाही. म्हणून कळवतो, तुझी जॅमची बरणी बाबांच्या हातून फुटली.

दुसरी गोष्ट त्यांनी कळवायला सांगितलेली नाही, मी आपणहून लिहितो. काल दुपारी दोन वाजता ते कोट घालून माझ्यासमोर उभे राहिले. मला पाळी बदलायला आलेला माणूस समजले. पाण्याची पातळी सांगितली, दाब सांगितला, डाव्या झडपेकडे लक्ष ठेव म्हणाले. मग जरा टेकले आणि घरचं बोलायला लागले. दोन मुलं आहेत म्हणाले. धाकटी दिवसभर राबते, तिला बसलेली कधी बघितली नाही. थोरल्याच्या हातात कसब आहे, बिघडलेलं काहीही चालू करतो, पण त्याच्याशी बोलता येत नाही. भीती वाटते म्हणाले. आपल्याच मुलाची भीती वाटते हे कोणाला सांगणार, म्हणून तुला सांगितलं, कुठे बोलू नकोस.

मी काय करणार? पाणी ठीक आहे म्हटलं, झडप बघतो म्हटलं, आणि पाळी ताब्यात घेतली. ते कोट काढून झोपले.

आज चहाच्या वेळी त्यांचं डोकं साफ होतं, तेव्हा सरळ विचारलं की माझ्याकडे राहायला येता का, वृद्धाश्रमात नाही, घरी. नाही म्हणाले. विचारल्याबद्दल बरं वाटलं म्हणाले, पण नाही. मला वाईट वाटलं. तुला आनंद होईल, तो लपवू नकोस.

तेव्हा बाबा तुझ्याकडेच राहतील. दर महिन्याचा पहिला आठवडा मी इथे येणार. तुझी परवानगी मागत नाही. बरं, मागतो. डबे मात्र मी माझ्या पद्धतीने लावणार.

लोभ असू दे, थोडा असला तरी चालेल.

दादा


१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दुसरी गोष्ट मी चार वेळा वाचली. त्यावर काही लिहीत नाही, तूही माझ्याकडून अपेक्षा करू नकोस. बाबा ज्या माणसाशी बोलले तो माणूस रोज दुपारी दोनला घरात असता तर बरं झालं असतं, एवढंच मनात आलं.

डब्यांना हात लावू नकोस. कात्री पावाच्या डब्यात मी बाबांपासून लांब ठेवायला म्हणून ठेवली होती. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

पहिल्या आठवड्याचं मान्य आहे. तुझ्या परवानगीच्या दोन ओळी मी वहिनीला कळवणार आहे, तिचा विश्वास बसायचा नाही.

साठ खिडक्या काल संपल्या. हॉटेलवाले खूश आहेत, जेवणघराचे पडदेही करून द्या म्हणतात, त्याला आणखी चार दिवस लागतील. मी हो म्हटलं आहे. मीही विचारत नाही, कळवते आहे. बाबांची अर्धी गोळी सकाळी साडेसातला, पाणी कोमट, आणि जिभेखाली बघायचं.

आज मी सकाळी पावणेदहाला उठले. साडेपाचला जाग आली होती, पावलं ऐकायला कान लावले, काहीच वाजलं नाही, आणि पुन्हा झोप लागली. उठल्यावर कितीतरी वेळ खाटेवर नुसती बसून होते. तुझ्यावरचा राग तपासून बघितला, जिथल्या तिथे आहे. झोप मात्र पुरी झाली.

बाबांना नमस्कार सांग. बरणीबद्दल मी रागावले नाही, हे त्यांना दोनदा सांग, डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही.

लोभ आहे. वाढवायचा असेल तर तुला यावं लागेल.

धाकटी